बर्गन: डोंगरांनी अडवलेला पाऊस आणि त्याखाली वसलेलं शहर

तुम्ही लिहिलंय की नॉर्वेतल्या बर्गनच्या विद्यापीठात तीन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं आहे, सोबत नवरा आणि चार वर्षांची मुलगी येणार आहे. मग विचारलंय: ६० अंश अक्षांशावर थंडी कितपत असेल, तिथे बारा महिने पाऊस पडतो म्हणतात ते खरं का, आणि अशा गावात माणसं रमतात तरी कशात? मी पेशाने जलविज्ञानातला इंजिनिअर. शहरात पडलेलं पाणी कुठून वाहतं आणि जमिनीत किती मुरतं हे पाहण्यात माझी बरीच वर्षं याच शहरात गेली. म्हणून सुरुवात पाण्यापासून करतो. बर्गनबद्दलच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही मला बहुतेक तिथूनच मिळाली आहेत.

आधी थंडी. रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं मागादान जवळपास याच अक्षांशावर आहे, आणि तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान उणे १५ अंशांच्या आसपास असतं. बर्गनचं जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या वर, दोन-अडीच अंश. बंदर गोठत नाही. उणे दहाच्या खाली पारा क्वचितच जातो. जुलैची सरासरी मात्र पंधराच्या घरात. मधले काही दिवस पंचवीसच्या वर गेले की सगळं शहर समुद्रात उड्या मारायला धावतं.

‘गल्फ स्ट्रीममुळे नॉर्वे उबदार’ हे वाक्य आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकलो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. उबदार पाण्याचा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे जातो हे खरंच. पण त्या पाण्यातली ऊब जमिनीवर आणतो तो वारा. इथे वर्षातला बराच काळ वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे अटलांटिकवरून येतो. समुद्र उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हिवाळाभर हळूहळू सोडतो आणि वारा ती आपल्या अंगावर आणून टाकतो. मागादानला हिवाळ्यात सायबेरियाच्या बाजूने वारा येतो, म्हणून तिथे समुद्र शेजारी असूनही उपयोग नाही. बर्गनमध्येही वारा फिरून पूर्वेकडून आला की तासाभरात हवा बदललेली कळते. तुम्ही आल्यावर तापमानाचा आकडा बघण्याआधी वाऱ्याची दिशा बघायची सवय लावून घ्या. अर्धा अंदाज तुम्हीच बांधू शकाल.

आता पाऊस. हाच ओलसर नैर्ऋत्य वारा बर्गनला डोंगरांवर आपटतो. शहराभोवती सात डोंगर मोजायची इथे रीत आहे. त्यातला सर्वांत उंच उल्रिकेन ६४३ मीटरचा. सह्याद्रीच्या मानाने ही टेकडीच, पण समुद्रसपाटीपासून थेट उभी राहिलेली, आणि तिच्यामागे आणखी उंच डोंगर रांगेने उभे. हवा वर ढकलली जाते, थंड होते, पाणी सोडते. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. फरक एवढाच की इथे या यंत्रणेला जून ते सप्टेंबर असा मोसम नाही. अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत राहतात, बाराही महिने.

डोंगर किती फरक पाडतात ते शहरापासून थोडं दूर गेलं की दिसतं. पश्चिमेला समुद्रात सोत्रा वगैरे बेटं आहेत, बरीचशी सपाट. तिथे शहरापेक्षा बराच कमी पाऊस पडतो, कारण ढगांना अडायला काही नाही. उत्तरेला सोग्नेफ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेली चिंचोळी खाडी) तोंडाजवळ ब्रेक्के नावाचं गाव आहे; १९६१ ते १९९० या काळात तिथली वर्षाची सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर होती. आणि त्याच फ्योर्डच्या आतल्या टोकाला, लेर्दालला, डोंगरांच्या आडोशाला, पाचशेच्या आसपास. एकाच फ्योर्डच्या दोन टोकांना एवढी तफावत! बर्गन शहरातसुद्धा एका डोंगराच्या दोन बाजूंना पर्जन्यमापक वेगळे आकडे दाखवतात, आणि निचऱ्याच्या नळांचा आकार ठरवताना आम्हाला ते वेगळे धरावे लागतात.

बर्गनची वर्षाची सरासरी १९६१ ते १९९० मध्ये २,२५० मिलिमीटर होती. १९९१ ते २०२० या काळात ती २,५०० च्या आसपास गेली. मुंबईच्या सांताक्रूझची वार्षिक सरासरीही साधारण याच पट्टीतली. म्हणजे वर्षाअखेर दोन्ही शहरांवर जवळपास सारखंच पाणी पडलेलं असतं. पण मुंबईत ते चार महिन्यांत कोसळतं आणि इथे वर्षातल्या दोनशेहून जास्त दिवसांवर पसरतं. २००५ हे वर्ष दोन्ही शहरांतले लोक विसरलेले नाहीत. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला बर्गनच्या मुख्य केंद्रावर एका दिवसात १५६.५ मिलिमीटर नोंदला गेला. आपल्याकडे कोकणात एवढा पाऊस एखाद्या दिवशी सहज होऊन जातो. इथे मात्र त्याने हाहाकार उडवला. हातलेस्ताद नावाच्या वस्तीवर डोंगराचा भाग खचून आला आणि तीन माणसं गेली. इथल्या डोंगरांवर बर्फयुगातल्या हिमनद्यांनी घासून काढलेल्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. संथ, लांबणाऱ्या पावसाला तो सरावलेला. अचानक आलेलं पाणी त्याला पेलवत नाही. म्हणून कुणी ‘मुंबईचा पाऊस पाहिलाय, बर्गनचं काय घेऊन बसलात’ म्हणालं तर त्यात अर्थ नाही. जमीन आणि गटारं कुठल्या पावसासाठी घडलेली आहेत, हे पाहावं लागतं.

चिकाटीच्या बाबतीत मात्र बर्गनचा हात धरणारं शहर कमीच. २९ ऑक्टोबर २००६ ते २१ जानेवारी २००७ असे सलग ८५ दिवस इथे रोज पाऊस पडला. अख्खा दिवस धो धो नव्हे. बऱ्याचदा तासभर भुरभुर, मग उघडीप, मग पुन्हा. बर्गनचं खरं हवामान हेच. सकाळी पाऊस आहे म्हणून बेत रद्द करणारा माणूस इथे घरातच बसून राहील.

वर्षाचं चक्र साधारण असं: सप्टेंबर ते जानेवारी सर्वांत ओले महिने. एप्रिल ते जून त्या मानाने सर्वांत कोरडे, आणि मे-जूनमध्ये उजेडही भरपूर. जूनच्या मध्यात सूर्य पहाटे चारनंतर लगेच उगवतो आणि रात्री अकराच्या पुढे मावळतो. मधली रात्रही पूर्ण काळी होत नाही. डिसेंबरात पावणेदहाला उजाडतं आणि साडेतीनला मावळतं. ढग असले की मधल्या वेळातही दिवे लागलेलेच. हा अंधार पहिल्या वर्षी थंडीपेक्षा जास्त जाणवतो. दिवसाउजेडी अर्धा तास बाहेर चालणं आणि ‘ड’ जीवनसत्त्व या दोन गोष्टी इथले डॉक्टर आणि शेजारी दोघंही सांगतील. कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्याने घेण्याची जुनी पद्धत बऱ्याच घरांत अजून चालू आहे.

आणखी दोन गोष्टी फिरायला येणाऱ्यांना सहसा कळत नाहीत, राहणाऱ्यांना लगेच कळतात. एक: हिवाळ्यात तापमान शून्याच्या वरखाली होत राहतं. दिवसा पडलेल्या पावसाचा रात्री रस्त्यावर काचेसारखा बर्फ होतो. पडून मनगट मोडण्याचा धोका खरा आहे. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे नोव्हेंबरातच आणून ठेवा. दोन: ज्या दिवशी आभाळ निळं, वारा बंद आणि थंडी कडक, तो दिवस पर्यटकांना सुंदर वाटतो, पण फुप्फुसांना वाईट. दरीत थंड हवा साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर आत अडकतो. दान्मार्क्स प्लास या चौकातलं प्रदूषण अशा दिवसांत मर्यादेबाहेर जातं. कधीकाळी सम-विषम नंबरांप्रमाणे गाड्या चालवायचे निर्बंधही इथे लावावे लागले होते. मुलीला दम्याचा त्रास असेल तर घर त्या पट्ट्यात घेऊ नका.

आता या पाण्यावर शहर कसं उभं राहिलं ते सांगतो, कारण माझ्या कामातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग तोच.

बर्गनची स्थापना ओलाव क्यिर्रे राजाने १०७० मध्ये केली असं परंपरेने मानतात. व्हॉगेन नावाची चिंचोळी, खोल खाडी, तीन बाजूंनी डोंगर, बाहेर लाटा अडवणाऱ्या बेटांच्या रांगा. शिडाच्या जहाजांना यापेक्षा चांगला आसरा या किनाऱ्यावर शोधून सापडला नसता. खाडीच्या पूर्व काठावर जी लाल-पिवळ्या लाकडी घरांची रांग तुम्ही चित्रांत पाहिली असेल ती ब्रिग्गेन. १९७९ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे १३६० पासून १७५४ पर्यंत इथे हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती.

व्यापार कसला? सुक्या कॉडचा. पण तो मासा बर्गनमध्ये सुकत नसे. इथल्या दमट हवेत तो सुकायच्या आधी सडला असता. तो सुके उत्तरेला लोफोतेन बेटांवर. तिथे फेब्रुवारी ते मेमध्ये तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, वारा सतत असतो, माश्या अजून आलेल्या नसतात. मिठाशिवाय, उघड्यावर टांगलेला मासा लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तो होड्यांनी बर्गनला यायचा आणि बदल्यात बाल्टिककडचं धान्य उत्तरेला जायचं, कारण तिथे पुरेसं पिकत नव्हतं. दोन वेगळ्या हवामानांच्या मधे बसलेली ही पेठ. ब्रिग्गेनच्या अरुंद बोळांमधून चालताना, लाकडी सज्जे आणि माल ओढायच्या कप्प्या बघताना हे लक्षात ठेवा, म्हणजे ती इमारत नुसती फोटोची जागा राहणार नाही.

त्या वखारीत शेकडो तरुण जर्मन राहत. स्थानिक मुलींशी लग्नाची त्यांना मनाई होती, आणि हिवाळ्यात राहत्या घरांत विस्तव पेटवायलाही. कारण उघड आहे: सगळं लाकडाचं. शेकोटीसाठी मागच्या बाजूला वेगळ्या सभागृहांत जायचं. एवढी काळजी घेऊनही ब्रिग्गेन जळलंच, पुन्हा पुन्हा. आज दिसतं ते बरंचसं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेलं. जानेवारी १९१६ मध्ये जोराच्या वाऱ्यात शहराचा मधला व्यापारी भाग बेचिराख झाला. आजचा तोर्गआल्मेनिंगेन हा रुंद चौक त्यानंतर आज आहे तसा बांधला गेला. जुन्या शहरात अधूनमधून असे उताराने खाडीकडे जाणारे फार रुंद रस्ते लागतात, ते आग एका वस्तीतून दुसरीत जाऊ नये म्हणून मोकळे सोडलेले आहेत. एवढ्या पावसाच्या गावाने सर्वांत जास्त नुकसान आगीने सोसावं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

१९५५ मध्ये ब्रिग्गेनचा एक भाग पुन्हा जळाला आणि त्या राखेखाली आस्ब्योर्न हेर्तेइग या पुरातत्त्वज्ञाने दशकभराहून जास्त काळ खोदकाम केलं. तिथे जे सापडलं त्याने नॉर्वेच्या मध्ययुगाबद्दलची समजूत बदलली. लाकडाच्या कांड्यांवर आणि हाडांवर रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत कोरलेले सहाशेहून जास्त लेख. राजांच्या आज्ञा वगैरे नव्हेत. मालाच्या गठ्ठ्यावरची नावं, व्यापाऱ्यांचे निरोप, प्रेमाच्या ओळी. एका कांडीवर एवढंच आहे की ग्यिदा म्हणते, तू घरी ये. सामान्य माणसं लिहीत-वाचत होती, आणि दारूच्या अड्ड्यावर रमलेल्या नवऱ्याला बहुधा चिठ्ठी पाठवत होती!

हे लाकूड सात-आठशे वर्षं टिकलं कसं? पावसामुळे. ब्रिग्गेनखाली मीटर-मीटरभर जाडीचे जुन्या वस्त्यांचे थर आहेत: लाकूड, शेण, राख, कचरा. डोंगरावरून मुरणारं पाणी ते सतत भिजलेले ठेवतं. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू पोचत नाही आणि कुजवणारे जीव काम करू शकत नाहीत. पण जळालेल्या जागेवर पुढे नवं बांधकाम झालं, त्याच्या तळघरासाठी भूजल उपसलं गेलं आणि शेजारच्या थरांतली पातळी खाली गेली. हवा शिरली, थर कुजू लागले आणि वरची शतकानुशतकांची घरं वर्षाला काही मिलिमीटर या गतीने खचू लागली. उपाय म्हणून छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी गटारात घालवण्याऐवजी ठरलेल्या जागी जमिनीत मुरवायला सुरुवात झाली. भूजल पुन्हा वर आलं आणि खचणं बरंच मंदावलं. ब्रिग्गेनमागे आज झाडाझुडपांचे जे खोलगट वाफे दिसतात ते शोभेसाठी नाहीत. पाणी शहरातून लवकरात लवकर बाहेर काढायचं, हेच आम्ही कॉलेजात शिकलो होतो. बर्गनने मला पाणी ठेवायला शिकवलं.

विज्ञानातही या शहराचं नाव पावसामुळेच झालं. व्हिल्हेल्म ब्यर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ १९१७ मध्ये लायपझिगहून बर्गनला आले. महायुद्ध चालू होतं, समुद्रापलीकडून हवामानाच्या तारा येणं बंद होतं, देशात धान्याची टंचाई होती आणि शेतकऱ्यांना अंदाज हवे होते. त्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणाच्या ठिकाणांचं दाट जाळं उभं केलं. जवळजवळच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा त्यांचा मुलगा याकोब ब्यर्कनेस याला दिसलं की उबदार आणि थंड हवेच्या सीमा धूसर नसतात; त्या ठळक रेषांत असतात आणि पाऊस त्या रेषांवर पडतो. युद्धाच्या काळातच हे सुचल्यामुळे त्या रेषांना रणांगणावरचाच शब्द मिळाला: फ्रंट. आज जगभरच्या हवामान नकाशांवर ज्या निळ्या त्रिकोणांच्या आणि लाल अर्धवर्तुळांच्या रेषा दिसतात त्यांचा उगम या मंडळींच्या कामात आहे. टूर बर्गेरॉन, हाल्वोर सोल्बर्ग, कार्ल-गुस्ताफ रॉसबी हे हवामानशास्त्रज्ञ सगळे इथे घडले.

याचा धागा आपल्या मान्सूनपर्यंत येतो. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. दुष्काळाचा आगाऊ अंदाज कसा बांधायचा या प्रश्नामागे लागून त्यांनी हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्या हवेच्या दाबातला झोका शोधला, पण त्याचं कारण सांगता आलं नव्हतं. ते १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी सांगितलं. तेव्हा ते अमेरिकेत होते. पॅसिफिकच्या पाण्याचं तापमान आणि वॉकर यांचा झोका एकाच घडामोडीचे भाग आहेत हे दाखवून त्यांनी पॅसिफिकवरच्या वाऱ्यांच्या त्या चक्राला वॉकर यांचंच नाव दिलं. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ‘यंदा एल निनो आहे का’ हे आपण पेपरात शोधतो, त्यामागे हे दोघे आहेत. तुमचं काम हवामानाशी संबंधित नसलं तरी विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेच्या इमारतीपाशी एकदा जाऊन या.

दुसरा धागा महारोगाचा. एकोणिसाव्या शतकात पश्चिम नॉर्वेच्या गरीब कोळी-शेतकऱ्यांमध्ये हा आजार फार होता आणि बर्गन त्याच्या उपचारांचं व अभ्यासाचं केंद्र झालं होतं. १८५६ पासून नॉर्वेने रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली. एखाद्या आजाराची देशभर अशी नोंद जगात पहिल्यांदाच होत होती. या नोंदी हाती घेऊन गेरहार्ड आर्माउएर हान्सेन यांनी १८७३ मध्ये या आजाराचा जंतू शोधला. तोवर बरेच डॉक्टर, खुद्द त्यांचे सासरे आणि वरिष्ठ दानियेल्सेन धरून, तो आनुवंशिक मानत होते. हान्सेन यांची एक बाजू काळी आहे, तीही सांगायला हवी: संसर्ग सिद्ध करण्यासाठी त्यांनी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय जंतू टोचायचा प्रयत्न केला, तिने तक्रार केली आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयाच्या पदावरून दूर केलं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवन उभं केलं ते याच आजाराच्या माणसांसाठी. बर्गनच्या सेंट योर्गेन रुग्णालयातले शेवटचे दोन रुग्ण त्याच्या तीनच वर्षं आधी, १९४६ मध्ये वारले. आता तिथे संग्रहालय आहे. लहान लहान खोल्या, मधलं सामायिक दालन, शेजारी चर्च. आनंदवन पाहिलेल्या माणसाने तिथे जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

रमतात कशात, या प्रश्नाकडे येतो. बाहेर पाऊस म्हणून इथे संगीत-नाटक वाढलं असं बरेच जण सांगतील. मला ते फारसं पटत नाही. पाऊस तर ब्रेक्केलाही पडतो. बर्गनकडे व्यापाराचा पैसा होता, परदेशी जहाजं होती आणि कित्येक शतकं हे नॉर्वेतलं सर्वांत मोठं शहर होतं. इथला वाद्यवृंद १७६५ साली स्थापन झाला, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या वाद्यवृंदांपैकी एक. व्हायोलिनवादक ऊले बुल यांनी १८५० मध्ये नॉर्वेजियन भाषेतलं रंगमंदिर सुरू केलं, कारण तोवर रंगभूमीवर डॅनिश नटांचं आणि डॅनिश उच्चारांचं राज्य होतं. तरुण हेन्रिक इब्सेन १८५१ ते १८५७ तिथे नोकरीला होते. पुढे ज्या नाटककाराने जगाची रंगभूमी बदलली तो नाटक बसवायचं तंत्र इथे शिकला. संगीतकार एडवर्ड ग्रीग बर्गनचेच, जन्म १८४३; पंधरा वर्षांच्या एडवर्डला लायपझिगला शिकायला पाठवा असं त्याच्या आईवडिलांना सांगणारेही ऊले बुलच. ग्रीग यांचं घर त्रोल्हाउगेन शहराच्या दक्षिणेला तळ्याकाठी आहे. तिथे पाण्यालगत त्यांची एका खोलीची झोपडी आहे, फक्त संगीत लिहिण्यासाठी बांधलेली. उन्हाळ्यात तिथल्या छोट्या सभागृहात दुपारी पियानोचे कार्यक्रम होतात आणि वादकाच्या मागच्या काचेतून ती झोपडी दिसते. मुलीला नक्की न्या, अर्ध्या तासाचाच कार्यक्रम असतो.

१९५३ पासून दरवर्षी मेच्या अखेरीला आंतरराष्ट्रीय संगीत-नाट्य महोत्सव भरतो. वर्षातला सर्वांत कोरडा आणि उजेडाचा काळ त्यांनी निवडलाय. चौकांत आणि बागांमध्येही कार्यक्रम होतात. त्याच्या जरा आधी, १७ मे हा राज्यघटनेचा दिवस, १८१४ च्या घटनेची आठवण. लष्करी संचलन नाही, शाळेच्या मुलांच्या मिरवणुका. पारंपरिक पोशाख, ज्याच्या भरतकामावरून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते कळतं, आणि दिवसभर आइस्क्रीम.

बर्गनचा खास म्हणावा असा प्रकार म्हणजे बुएकोर्प्स: एकेका आळीच्या मुलांची ढोल-ताशांसह कवायत करणारी पथकं, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. लाकडी बंदुका किंवा धनुष्यं खांद्यावर, गणवेश, आणि नायक मोठी मुलंच. प्रौढांची ढवळाढवळ चालत नाही. वसंत ऋतू आला की संध्याकाळी डोंगराच्या कुशीतून ढोलांचा आवाज घुमू लागतो. काही रहिवासी आवाजाला वैतागतात, पण पुण्यात ढोल पथकांचा सराव ऐकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

खरा सामाजिक जीवनाचा पाया मात्र डोंगर आहेत. रविवारी चालायला जाणं इथे छंद नाही, रिवाज आहे. १९५७ च्या कायद्याने न लागवडीच्या जमिनीवरून, मग ती कुणाचीही असो, पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. फ्लोयेन या डोंगरावर १९१८ पासून रेल्वे जाते, तेव्हा आजी-आजोबा भेटायला आले तरी ३२० मीटरवरून शहर दाखवता येईल. उल्रिकेनवर चढणाऱ्या ओप्पस्तेम्तेनच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. एकदा पाय ठेवलात की कारागिरी कळेल. नॉर्वेजियन माणूस बसमध्ये शेजारी बसून बोलणार नाही, पण डोंगरावर समोरून आला की नमस्कार करेल. तुम्हाला ओळखी करायच्या असतील तर तिथे जा, आणि वसंतात इमारतीतले सगळे मिळून अंगण साफ करतात त्या दिवशी घरी बसू नका. त्या दिवशी न येणं लोकांच्या लक्षात राहतं.

जेवणाचं थोडक्यात. मासे खात असाल तर चैन आहे: कॉड, सेइ, आणि ऑगस्टमध्ये आपल्या बांगड्याच्या नात्यातला मॅकरेल. बर्गनचं फिश सूप दुधा-सायीतलं, किंचित आंबट-गोड. बऱ्याच उपाहारगृहांत गुरुवारी बटाट्याच्या किसाचे उकडलेले गोळे आणि खारवलेलं मटण असतं. शाकाहारी असाल तर डाळी-मसाले परदेशी किराणा दुकानांत मिळतात. दालचिनीचा गोल पाव, शिलिंग्सबोल्ले, सगळ्यांनाच आवडतो.

भाषा लवकर सुरू करा. विद्यापीठात इंग्रजीवर भागेल, पण बालवाडीच्या चिठ्ठ्या नॉर्वेजियनमध्ये येतात. वर्गात शिकवतात ती ओस्लोकडची. बर्गनचा ‘र’ घशातून येतो, आणि व्याकरणात तीनऐवजी दोनच लिंगं उरली आहेत, बहुधा हान्साच्या जर्मनांशी शतकानुशतकं बोलण्यातून. पहिले काही महिने दुकानात काही कळणार नाही, त्याने घाबरू नका.

मुलीची काळजी तुम्ही सर्वांत जास्त व्यक्त केली आहे. बालवाडीत मुलं रोज बाहेर खेळतात, पाऊस असला तरी. पहिल्या आठवड्यात तुम्हाला हे क्रूर वाटेल, महिन्याभरात मुलगीच घरात बसायला नकार देईल. तिच्यासाठी आतून लोकरीचे पातळ कपडे (सुती नकोत, ते भिजले की गारठवतात), वरून आख्खा रबरी पावसाळी पोशाख, गमबूट, आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या एवढं आल्याआल्या घ्या. सगळ्यावर नाव लिहा. तिशी-चाळीशीतल्या आपल्यालाही हेच लागतं; छत्री इथल्या वाऱ्यात टिकत नाही.

घर बघताना जाहिरातीतल्या देखाव्यावर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. हिवाळ्यात ऊन किती वेळ येतं? डोंगराच्या उत्तर कुशीतल्या काही घरांना कित्येक आठवडे सूर्य दिसत नाही. कपडे वाळवायची हवेशीर जागा आहे का, आणि तळघराच्या भिंतींना ओल किंवा बुरशी आहे का? आणि घरामागचा उतार कसा आहे, वरून ओढा येतो का, तो कुठे वळवलाय? तिसरा प्रश्न विचारणारे भाडेकरू कमी असतात, पण घरमालकाला उत्तर माहीत असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला आलात तर सप्टेंबरचा पाऊस सुरू व्हायच्या आत हे सगळं उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी बघून होईल.